पालघर ते हातकणंगले : एका रद्द झालेल्या कलमाचा पाठलाग

१७ नोव्हेंबर २०१२ला, शनिवारी, बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मुंबई आणि आसपासची शहरं बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा व्हायला अजून पावणेदोन वर्षं होती. तिथल्या एकवीस वर्षांच्या एका मुलीने त्या रविवारी फेसबुकवर काही ओळी टाकल्या. रोज हजारो माणसं जातात, तरी जग चालूच राहतं. आदर मिळवावा लागतो, तो जबरदस्तीने घेता येत नाही. आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नव्हे, भीतीपोटी, असा त्यांचा आशय होता. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट 'लाइक' केली.

त्या ओळींत शिवी नव्हती, धमकी नव्हती, कुणाच्या धर्माचा किंवा जातीचा उल्लेख नव्हता. ज्यांचं बाळासाहेबांवर मनापासून प्रेम होतं त्यांना त्या दिवशी ते वाचून वाईट वाटलं असणार. घरातलं माणूस गेल्यासारखी अवस्था लाखो लोकांची झाली होती. त्यांचं दुःख खरं होतं, हे मान्य करूनच या प्रकरणाचा विचार करायला हवा. प्रश्न एवढाच की, वाईट वाटलं म्हणून पोलिसांनी काय करावं?

शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने तक्रार दिली. मुलीने पोस्ट काढून टाकली, माफीही मागितली. तरी जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्यात घुसून तोडफोड केली. सोमवारी पोलिसांनी दोघींना अटक केली. सुरुवातीला लावलं भारतीय दंड संहितेचं २९५-अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याचं कलम. धर्म तर पोस्टमध्ये कुठेच नव्हता. मग ते बदलून समाजात तेढ निर्माण करण्याचं ५०५(२) लावलं आणि सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ. त्याच दिवशी न्यायालयाने प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर दोघींना जामीन दिला.

कलमांची ही अदलाबदल बारकाईने पाहण्यासारखी आहे. गुन्हा काय घडला हे ठरवून कुणी अटक केलेली नव्हती. पकडायचं हे आधी ठरलं, कलम नंतर शोधलं. दाराशी जमाव उभा राहिला की पोलीस ठाण्यापुढे दोन वाटा असतात : जमाव पांगवायचा, नाहीतर जमावाला हवं ते द्यायचं. दुसरी वाट नेहमीच सोपी, आणि ६६-अ हे ती वाट आणखी सोपी करणारं कलम होतं. इतकं सैल की ते कशालाही बसायचं.

बातमी देशभर गेली. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून अटक करणाऱ्या पोलिसांवरच कारवाई मागितली. चौकशी झाली. ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक निलंबित झाले. संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांची उच्च न्यायालयाने बदली केली. दवाखाना फोडणाऱ्यांनाही अटक झाली. यावर, निलंबनाच्या निषेधार्थ, शिवसेनेने २८ नोव्हेंबरला पालघर बंद पुकारला. पुढे मुलींवरचे आरोप मागे घेतले गेले आणि खटला मिटला. म्हणजे यंत्रणेने चूक दुरुस्त केली, असं म्हणता येईल. पण बातमी दिल्लीपर्यंत पोहोचली म्हणून ती दुरुस्त झाली. ज्यांची बातमीच होत नाही त्यांचं काय, हा या प्रकरणाचा खरा विषय आहे.

कलमात काय होतं

२६/११च्या हल्ल्याला महिना व्हायच्या आत, डिसेंबर २००८मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्यातली मोठी दुरुस्ती संसदेने मंजूर केली. लोकसभेत तिच्यावर चर्चाच झाली नाही. २७ ऑक्टोबर २००९पासून ती लागू झाली. तिच्यातून ६६-अ आलं. संगणक किंवा मोबाइलवरून 'अतिशय आक्षेपार्ह' किंवा 'धमकीवजा' मजकूर पाठवला, किंवा खोटं आहे हे माहीत असून त्रास, गैरसोय, अपमान, शत्रुत्व, द्वेष वगैरे उद्भवावं म्हणून काही पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

या यादीतला 'त्रास' आणि 'गैरसोय' हे शब्द वाचून कुठलाही फौजदारी वकील दचकेल. कुणाला त्रास होईल असं बोलणं हा आपल्या दंड संहितेत कधीच स्वतंत्र गुन्हा नव्हता. तेच वाक्य वर्तमानपत्रात छापलं, चौकात माइकवर म्हटलं, पोस्टकार्डावर लिहून पाठवलं तर गुन्हा नाही. फेसबुकवर टाकलं तर तुरुंग. भरीला, याच कायद्याच्या ७७-ब मुळे गुन्हा दखलपात्र होता. म्हणजे न्यायालयाला न विचारता पोलीस थेट अटक करू शकत. गुन्हा जामीनपात्र होता हे खरं, पण ज्याला घरातून उचलून नेलं जातं त्याला शिक्षा तिथेच सुरू झालेली असते.

भाषा कुठून आली? ब्रिटनमधल्या टपाल आणि दूरध्वनीच्या जुन्या कायद्यांतून. तिथे १९३५च्या सुमारास टेलिफोन खात्यातल्या मुलींना फोनवरून अश्लील बोलून, धमकावून छळणाऱ्यांना आवर घालायला अशी तरतूद झाली होती. एका माणसाने दुसऱ्या माणसाला छळण्यासाठी केलेल्या फोनची भाषा आपण उचलली आणि लाखो लोक वाचतात अशा सार्वजनिक बोलण्याला लावली.

पालघर हे त्या कलमाचं पहिलं प्रकरण नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलकात्यात जाधवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून अटक झाली. या प्रकरणातून ते पूर्ण सुटले जानेवारी २०२३मध्ये. मे २०१२मध्ये मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, बारा दिवस ते कोठडीत होते. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबई पोलिसांनी ६६-अ आणि थेट राजद्रोहाखाली अटक केली. पुढे २०१४च्या निवडणुकीच्या वेळी गोव्यातल्या एका जहाज अभियंत्यावर मोदींविषयीच्या फेसबुक पोस्टवरून गुन्हा नोंदवला गेला.

बंगालात तृणमूल, महाराष्ट्रात काँग्रेस-राष्ट्रवादी, गोव्यात भाजप. कलम वापरताना पक्षाचा रंग आड आला नाही. म्हणून 'आमचं सरकार असतं तर असं झालं नसतं' हे वाक्य मी या विषयात कुणाच्याही तोंडून ऐकून घ्यायला तयार नाही.

मोहीम

असीम त्रिवेदी आणि आलोक दीक्षित यांनी इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध 'सेव्ह युअर व्हॉइस' नावाची मोहीम सुरू केलेली होती. डिसेंबर २०१२मध्ये दोघे ६६-अ विरुद्ध जंतरमंतरवर उपोषणाला बसले. त्याच महिन्यात मार्क्सवादी पक्षाचे खासदार पी. राजीव यांनी राज्यसभेत या कलमाचा विषय लावून धरला. रस्त्यावर आणि संसदेत आवाज उठला तो असा. पण निर्णायक काम झालं सर्वोच्च न्यायालयात.

इंग्लंडहून शिकून नुकतीच परतलेली, कायद्याचं शिक्षण घ्यायच्या विचारात असलेली श्रेया सिंघल पालघरची बातमी वाचून अस्वस्थ झाली. वय तेवढंच, एकवीस. घरात आई वकील. तिने नोव्हेंबरच्या अखेरीस जनहित याचिका दाखल केली. सरन्यायाधीश अल्तमास कबीर यांच्या खंडपीठाने सुनावणीत म्हटलं की, या कलमाला अजून कुणी आव्हान कसं दिलं नाही याचंच आम्हाला नवल वाटत होतं. मग एकेक याचिका जोडली गेली : पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना, कॉमन कॉज ही जनहिताचे खटले लढणारी संस्था, इंटरनेट कंपन्यांची संघटना, आणि मुंबईची 'माउथशट' ही ग्राहकांचे अभिप्राय छापणारी वेबसाइट. माउथशटचं दुखणं वेगळं होतं. वाईट अभिप्राय आला की कंपन्या नोटीस पाठवायच्या, आणि याच कायद्याखालच्या २०११च्या नियमांमुळे वेबसाइटला तो मजकूर काढण्यावाचून फारसा पर्याय उरत नसे. या याचिकेमुळे लढा राजकीय मतांपुरता राहिला नाही. बिल्डरने फ्लॅट वेळेवर दिला नाही असं लिहिणारा ग्राहकही त्यात आला.

सरकारची पहिली खेळी अटकेची पायरी उंचावण्याची होती. ९ जानेवारी २०१३च्या सूचनापत्रात केंद्राने राज्यांना कळवलं की महानगरांत पोलीस महानिरीक्षक आणि जिल्ह्यात उपायुक्त किंवा पोलीस अधीक्षक यांच्या परवानगीशिवाय ६६-अ खाली अटक करू नये. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचं पालन करायला सांगितलं. अनेकांना हा पुरेसा तोडगा वाटला. मला तो तेव्हाही पटला नव्हता, कारण त्याचं उत्तर पालघरच्या प्रकरणातच होतं. तिथे निलंबित झालेल्यांत खुद्द पोलीस अधीक्षक होते. ज्या पदाचा अधिकारी एका जमावापुढे वाकतो, त्याच पदाच्या सहीला संरक्षण कसं म्हणायचं?

२४ मार्च २०१५

न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि रोहिंटन नरिमन यांनी ६६-अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवलं. निकालपत्र नरिमन यांनी लिहिलं. त्यातला मुख्य धागा अगदी सोपा आहे. बोलण्याच्या तीन पायऱ्या असतात. एखाद्या विषयाची चर्चा, मग त्या मताचा आग्रही पुरस्कार, आणि शेवटी चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्या कितीही बोचऱ्या असल्या तरी त्या राज्यघटनेच्या १९(१)(अ) खाली, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काखाली, सुरक्षित आहेत. कायद्याने हात घालायचा तो तिसऱ्या पायरीवर. ६६-अ तिन्ही पायऱ्या एकाच जाळ्यात ओढत होतं.

या हक्कावरच्या निर्बंधाची आठ कारणं १९(२) मध्ये दिलेली आहेत : देशाची अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, आणि गुन्ह्याला चिथावणी. 'त्रास' त्यात नाही, 'गैरसोय' नाही. सरकारने म्हटलं, आम्ही कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही. न्यायालयाचं उत्तर असं की सरकारं येतील आणि जातील, कलम मात्र कायम राहील; आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारला बांधत नाही.

निकालाची दुसरी बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते. वेबसाइट आणि मजकूर बंद करण्याचा सरकारचा अधिकार देणारं ६९-अ न्यायालयाने कायम ठेवलं. बंदीचा आदेश लेखी आणि सकारण असावा लागतो, म्हणून. पण त्याच नियमांत गुप्ततेची तरतूद आहे, आणि आपला मजकूर का गेला हे लिहिणाऱ्याला बहुधा कळतही नाही. मजकूर काढायला वेबसाइट बांधील केव्हा, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्यावर, असा अर्थ याच कायद्याच्या ७९व्या कलमाला दिला गेला. त्यामुळे माउथशटसारख्यांना मोठा दिलासा मिळाला. ही अर्धी जिंकलेली, अर्धी हुकलेली लढाई होती असं माझं मत आहे, आणि आजचे बरेचसे वाद त्या हुकलेल्या अर्ध्यातून आलेले आहेत.

मेलेलं कलम चालतच राहिलं

या प्रकरणाचा सर्वांत बोलका भाग इथून सुरू होतो. निकालानंतर वर्षं उलटली आणि ६६-अ खाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०१८मध्ये अभिनव सेखरी आणि अपार गुप्ता या वकिलांनी यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या आधारे पीयूसीएल पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना, मुख्य सचिवांना आणि त्यांच्यामार्फत पोलिसांपर्यंत पोहोचवायला सांगितलं. तरीही फरक पडला नाही. मग इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आणि सिव्हिक डेटा लॅब या संस्थांनी जिल्हा न्यायालयांच्या संकेतस्थळांवरची खटल्यांची माहिती गोळा केली. मार्च २०२१मध्ये अकरा राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत ७४५ खटले चालू अवस्थेत होते. निकालानंतर नोंदवलेल्या खटल्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा : ३८१. त्याखाली झारखंड २९१, उत्तर प्रदेश २४५, राजस्थान १९२.

ज्या राज्यातल्या दोन मुलींमुळे कलम गेलं, त्याच राज्याच्या पोलिसांनी ते सर्वांत जास्त वापरलं. हा आकडा वाचल्यावर मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

कारण शोधायला गेलं तर ते फार साधं निघतं. जुलै २०२१मध्ये हा आकडा समोर आल्यावर नरिमन यांच्या खंडपीठाने धक्का बसल्याचं बोलून दाखवलं. तेव्हा ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी सांगितलं की कायद्याच्या पुस्तकात कलम छापलेलं आहेच, रद्द झाल्याचा उल्लेख फक्त तळटीपेत असतो. आता तालुक्याच्या ठाण्यातलं चित्र डोळ्यांपुढे आणा. रात्रपाळीचा ठाणे अंमलदार, समोर तावातावाने बोलणारे दहा-बारा कार्यकर्ते, हातात मोबाइलवरचा स्क्रीनशॉट. अंमलदार पुस्तक उघडतो किंवा जुनी फिर्याद काढून तिच्यावरून नवी लिहितो. तळटीप वाचायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. दिल्लीचा निकाल त्याच्या टेबलापर्यंत आलेलाच नाही.

१२ ऑक्टोबर २०२२ला सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने अखेर सगळं एका आदेशात बांधलं. ६६-अ खाली कुणावरही खटला चालवायचा नाही. चालू प्रकरणांतून त्या कलमाचा उल्लेख वगळायचा. नवे गुन्हे नोंदवू नयेत म्हणून पोलीस महासंचालकांनी आणि गृह सचिवांनी सूचना द्यायच्या. आणि कायद्याच्या प्रकाशनांत कलम छापलं तर ते रद्द झाल्याचं वाचकाला नीट कळेल असं सांगायचं. पालघरनंतर कलम रद्द व्हायला जवळपास अडीच वर्षं गेली, ते पुस्तकातून उठवायला आणखी साडेसात.

म्हणून या मोहिमेत कुणाचं काम मोठं असं विचारलं, तर मी याचिकेच्या बरोबरीने त्या आकडे गोळा करणाऱ्यांचं नाव घेईन. न्यायालयात युक्तिवाद जिंकणं हे दिसणारं काम. एकेक जिल्ह्याचे खटले मोजत बसणं हे न दिसणारं. त्याशिवाय ३८१ हा आकडा कुणाला कळलाच नसता.

एक आक्षेप

कलम गेलं तर अफवांना, छळाला आवर कोण घालणार, असं विचारणारे सगळेच सत्तेचे भाट नसतात. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं होती, आणि अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेली होती. २०१४मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात दंगल झाली आणि हडपसरला एका निरपराध तरुण अभियंत्याचा जीव गेला. इंटरनेटवरचे शब्द हवेत विरत नाहीत, हे मान्यच करावं लागतं.

पण पुण्यातला तरुण मारला गेला तेव्हा ६६-अ पुस्तकात होतंच. त्याने कुणाचा जीव वाचला नाही. आणि राईनपाड्यात गरज होती वेळेवर पोहोचणाऱ्या पोलिसांची. हिंसेची चिथावणी, धमकी, बाईचा पाठलाग, बदनामी यांना ६६-अ नसतानाही कलमं होती आणि आजही आहेत. कमी पडतो तो तपास. छळ झालेल्या बाईची तक्रार ठाण्यात आठवडे पडून राहते आणि नेत्याबद्दलच्या पोस्टवर तासाभरात गुन्हा दाखल होतो, या तफावतीवर बोलायला हवं.

ती तफावत ६६-अ गेल्यावरही उरली. मे २०२२मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवारांविषयीच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. पोस्ट मला अत्यंत हीन वाटली होती आणि आजही वाटते. पण एका पोस्टसाठी राज्यभर ठिकठिकाणी वीसच्या वर गुन्हे आणि जवळपास चाळीस दिवस तुरुंग, याचं समर्थन मी करू शकत नाही. त्याच सुमारास नाशिकचा एक फार्मसीचा विद्यार्थीही एका ट्वीटपायी महिन्याहून जास्त आत राहिला. तेव्हा सरकारात शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस होते.

मजकुरावर सरकारी शिक्का मारण्याचा प्रयत्नही झाला. केंद्राच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा की खरा हे सरकारचंच पथक ठरवेल, असा नियम एप्रिल २०२३मध्ये आला. विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांच्यात मतभेद झाला, आणि २० सप्टेंबर २०२४ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. त्यामागे श्रेया सिंघल निकालाचीच पुण्याई होती.

हातकणंगले

शेवटचं प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. मूळचे काश्मीरचे एक प्राध्यापक तिथल्या महाविद्यालयात शिकवायचे. ऑगस्ट २०२२मध्ये त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं आणि ३७० हटवल्याने आपण खूश नसल्याचं लिहिलं, १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या. हातकणंगले पोलिसांनी दंड संहितेचं १५३-अ, म्हणजे समाजगटांत तेढ निर्माण करण्याचं कलम, लावलं. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर नाराजी व्यक्त करणं हा हक्क आहे, असं त्यांनी सांगितलंच. शिवाय शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस आणि खंबीर माणसाच्या मापाने, जागोजागी धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे, ही नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४०च्या दशकात घालून दिलेली कसोटी त्यांनी पुन्हा पुढे ठेवली. आणि म्हटलं की आता पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवण्याची वेळ आली आहे.

पालघरहून निघालेली गोष्ट अकरा वर्षांनी पुन्हा पोलीस ठाण्यातच आली. म्हणून पुढची मोहीम दिल्लीत लढवण्याइतकीच तालुक्यात, आणि मराठीत, लढवावी लागेल. हत्यारंही आता आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या १७३(३) प्रमाणे तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. कवी आणि काँग्रेस नेते इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत एफआयआर नोंदवण्याआधी हाच मार्ग धरणं योग्य. पोस्टवरून ठाण्यातून फोन आला तर लेखी नोटीस मागा, एफआयआरची प्रत मागा, कलमं वाचा, आणि हातकणंगले व प्रतापगढी हे दोन्ही निकाल जोडून अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. जुन्या प्रकरणात ६६-अ अजून शिल्लक दिसलं तर १२ ऑक्टोबर २०२२च्या आदेशाची प्रत लावून पोलीस अधीक्षकांकडे आणि न्यायालयात अर्ज करा; ते वगळणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.